मागाचा खड्डा

आई, येवल्याच्या घराची फरशी गेल्या आठवड्यात काढली. वहिनी, म्हणजे दादाची बायको, पुढच्या खोलीत शहाबादी फरशीच्या वर आलेल्या कडेला अडखळून पडली होती. तू तिला पाहिलेलंच नाहीस. ती या घरात आली तेव्हा तुला जाऊन बरीच वर्षं झाली होती. खुब्याचं ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून चालते. घरात कुठेही उंचवटा ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून दादानं सगळीकडे नव्या टाइल्स घालायचं ठरवलं आणि घर रिकामं करायला मी नाशिकहून एसटीनं आले.

घर रिकामं करणं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक नव्हतं. आधी देव शेजारी नेऊन ठेवले, मग गॅस मागच्या अंगणात मांडला. धान्याच्या कोठ्या, गाद्या, वहिनीचा पलंग, बाबांची खुर्ची, सगळं पत्र्याच्या शेडखाली गेलं. आपलं घर इतकं मोठं आहे हे मला या वयात कळलं. मग मिस्त्रींनी पहार घातली आणि एकेक फरशी उलटायला लागली. दुपारी पुढच्या खोलीच्या खिडकीजवळ पहार भसकन खाली गेली. मिस्त्री थांबले, पुन्हा ठोकून पाहिलं आणि दादाला म्हणाले, "लय पोकळ हे इथं. आड-बिड होता का काही?"

दादा दारात उभा होता. तो म्हणाला, "आड नाही. आमच्या आईचा माग होता."

मला माग आठवत होता. वरून लोंबणाऱ्या दोऱ्या, फणीचा ठोका, बोटांएवढ्या कांड्यांवर गुंडाळलेलं रेशीम, सगळं आठवत होतं. खड्डा मात्र मी पार विसरले होते. तू जमिनीच्या काठावर बसायचीस आणि पाय खाली सोडून मागाच्या पट्ट्या दाबायचीस, म्हणून आम्हाला तू नेहमी कमरेपासून वरचीच दिसायचीस. तू गेल्यावर बाबांनी तो मातीनं भरला आणि वरून फरशी टाकली. ती माती आता बसली होती. मिस्त्री म्हणाले, ही सगळी काढून मुरूम भरून धुम्मसानं ठोकून घट्ट केल्याशिवाय टाइल टिकायची नाही. त्यांच्या माणसांनी ती उपसली आणि संध्याकाळच्या आत तुझा खड्डा मोकळा झाला. आतल्या कडेचे दगड तुझ्या पोटऱ्या लागून इतके गुळगुळीत झाले होते, की मी हात फिरवला तर तो कुठे अडला नाही. माणसाच्या अंगानं दगड असा झिजतो, हे मी देवळाच्या उंबऱ्यावर पाहिलं होतं, आपल्या घरात कधी पाहिलं नव्हतं.

चहासाठी सगळे अंगणात गेले तेव्हा मी त्यात पाय सोडून बसले. तिथून खिडकीचा उजेड नेमका मांडीवर पडतो. मान न वळवता समोर स्वयंपाकघर दिसतं, चुलीच्या जागेपर्यंत. शाळेतून आले की मी दूध तापत ठेवून अंगणात पळायचे, आणि तू पदरावरच्या पोपटाची चोच विणता विणता मान खाली ठेवूनच म्हणायचीस, "दूध वर आलं गं." मला वाटायचं, तुला वासावरून कळतं. एकदा गुळानं चिकट झालेला हात मी मागावरच्या ताण्याच्या धाग्यांकडे नेला, तू माझं मनगट धरलंस, रागावली नाहीस, एवढंच म्हणालीस, "हे लोकांच्या लग्नाचं आहे, धुऊन ये." मी धुऊन आले तर तू मला शेजारी बसवून घेतलंस आणि हिरवा धागा कुठून घालायचा ते दाखवलंस. तो धागा मी घातला. कुणाच्या तरी लग्नातल्या पदरात तो अजून असेल.

तू तापानं गेलीस तेव्हा मागावर साडी अर्धी होती. ती पुरी करायला गल्लीतल्याच एक विणकर मावशी याच खड्ड्यात बसल्या. पहिल्या दिवशी त्यांनी फणीला हात लावला, डोळे पुसले आणि विणायला लागल्या. साडी उतरली तेव्हा तुझा हात कुठे संपला आणि त्यांचा कुठे सुरू झाला ते व्यापाऱ्याला ओळखता आलं नाही. मी रोज बघत होते, तरी मलाही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी वॉकर टेकत टेकत बघायला आली. काठाशी खुर्ची ठेवून तिला बसवलं. ती आत वाकून बघत म्हणाली, "इतकी वर्षं मी सासूबाईंच्या मागावर पलंग टाकून झोपले होय!" आणि दादाला म्हणाली, "राहू द्या हा. मी भिंतीकडून चालत जाईन." दादानं माझ्याकडे पाहिलं. खड्डा राहायला माझा एक 'हो' पुरला असता, आई. पण खुर्चीत बसूनही तिनं वॉकर सोडला नव्हता. मी म्हटलं, "वहिनी, आईनं हे घर चालवायला तो खणला होता. तुला पाडायला नाही." मग दादानं कुणाला न विचारता मुरुमाची पहिली पाटी स्वतः ओतली. पाणी मारून, ठोकून, थरावर थर देऊन सगळं सपाट झालं. काल टाइल्स बसल्या. वाळल्यावर वहिनी खिडकीपासून स्वयंपाकघरापर्यंत सरळ चालत जाईल, वॉकर कुठे अडणार नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते माझ्याजवळच राहील. एक गोष्ट मात्र मी दादाला सांगितली नाही, वहिनीलाही नाही. त्या खड्ड्यात मला नीट बसता येईना. गुडघे कडेला अडकत होते, पाय मुडपून घ्यावे लागत होते. तो तुझ्या मापाचा खणलेला, आणि तू इतकी लहान होतीस. गेलीस तेव्हा वयानं माझी थोरली मुलगी आज आहे, त्याहूनही लहान. मी तुला हाक मारायला म्हणून आत उतरले होते, पण तोंडातून 'आई' निघालंच नाही. 'पोरी' असं निघालं.