डुबुकचा पाचवा भाग आणि माझी अकरा वाक्यं

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा धड असता तर समोर येऊन घातला असता, सध्या कागदावरचाच गोड मानून घे). तुझ्या दाढेचं काय झालं? काढलीस, की अजून त्या दंतवैद्यालाच तारखांवर तारखा देते आहेस? भावोजींना कानाचं नवं यंत्र बसवल्याचं ऐकलं. त्यांनी ऐकलं का, ते कळव. चिरंजीव आणि सूनबाई कामात बुडालेले असणार. आणि आमची प्रश्नपत्रिका कशी आहे? (म्हणजे तुझी नात. सात वर्षांची झाली, पण एकही वाक्य प्रश्नचिन्हाशिवाय संपवत नाही, म्हणून मी तिला असं म्हणतो. तिला माझा राग येत नाही, ती फक्त 'का म्हणता?' असं विचारते.)

पत्र बघून दचकू नकोस. हल्ली पत्र आलं की कोणीतरी गेलं असंच लोकांना वाटतं. इकडे कोणी गेलेलं नाही. म्हणजे बहुतेक नाही. मला नक्की माहीत नाही, आणि गेले चार दिवस त्याच काळजीने घास गोड लागत नाहीये. फोनच करणार होतो, पण तुमच्याकडे फोन कायम स्पीकरवर असतो, भावोजी मध्येच 'कोण? कोण बोलतंय?' करतात, आणि मुख्य म्हणजे या विषयावर तोंडातून ब्र काढणार नाही अशा एका कागदावर मी सही केली आहे. तो कागद मी तीनदा वाचला. त्यात तोंडाचा उल्लेख आहे, पेनाचा नाही. म्हणून लिहितो. वाचून झालं की फाडून टाक.

तर ताई, गेली चौदा वर्षं मी पाणमांजराचं पिल्लू आहे.

मी सकाळी चष्म्याच्या दुकानात असतो आणि अधूनमधून दुपारी 'रेकॉर्डिंगला' जातो, एवढंच तुला ठाऊक. तुला वाटत असेल, बातम्याबितम्या वाचत असेल. हा आवाज घेऊन? अठ्ठावन्नाव्या वर्षीही मी बँकेत फोन केला तर पलीकडून 'खातेदारांना द्या हो बाई' असं येतं. दुकानात फोनवर बोललेली गिऱ्हाईकं दुसऱ्या दिवशी येऊन 'कालच्या मॅडम कुठे आहेत?' म्हणून इकडेतिकडे बघतात, आणि मी त्यांच्या नाकावर चष्मा ठेवत 'आज सुट्टीवर आहेत' असं खालच्या पट्टीत सांगतो. लहानपणी तू फिरायला सटकायचीस आणि मला फोनपाशी बसवून जायचीस, तेव्हा तुझ्या मैत्रिणींशी मी अर्धा अर्धा तास 'तू' होऊन बोलायचो. (त्यातल्या एकीने मला फार खासगी गोष्ट सांगितली होती. ती मी अजून कोणाला सांगितलेली नाही. तुलाही नाही.) सबंध आयुष्यात या आवाजाला 'हाच, अगदी हाच हवा' म्हणणारी एकच जागा निघाली. लहान मुलांचे परदेशी चित्रपट येतात ना, चित्रांचे, त्यांना आपल्या भाषेत आवाज देणारी. डुबुक नावाचं पिल्लू आहे. प्रश्नपत्रिकेच्या दप्तरावर, डब्यावर आणि उशीच्या अभ्र्यावर जे आहे, तेच. ते मी.

आता तुला वाटेल, मग तुला सगळी गोष्ट पाठ असेल. तिथेच तर घोळ आहे. स्पंजने मढवलेली चार पावलांची खोली. पंखा बंद, कारण तो ऐकू येतो. चपला बाहेर. कडक इस्त्रीचा शर्ट चालत नाही, खसखसतो. आत जाण्याआधी चार बिस्किटं खायची, नाहीतर पोट गुरगुरतं आणि माइक ते इमानेइतबारे टिपतो. (तिसऱ्या भागात नदीकाठी एक बेडूक ओरडतो. ते माझं पोट आहे. बाईंना आवडलं, म्हणून ठेवलं. बाई म्हणजे आमच्या डबिंगच्या दिग्दर्शिका.) चित्रपट चोरीला जाऊ नये म्हणून समोरचा पडदा अख्खा काळा असतो. मधे एक वाटोळं भोक, त्यात डुबुकचं तोंड आणि ओल्या मिशा. बस्स. शेजारी कोण आहे, दिवस आहे की रात्र, मागे वाघ आहे की मावशी, काही कळायची सोय नाही. हातातल्या कागदावर फक्त माझी वाक्यं. दुसरं कोणी काय म्हणालं ते गुपित. ज्यांनी डुबुकच्या बाबांना आवाज दिला आहे ते गृहस्थ मला चौदा वर्षांत एकदाच भेटले, जिन्यात. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहेत. मला 'काका, जरा जपून' म्हणाले.

बरं, मला एक सांग, एवढे भाग हवेतच कशाला? पहिल्या भागात पिल्लू हरवतं आणि शेवटी घर सापडतं. सापडलं ना? मग बसा की घरात! दुसऱ्यात ते घरच वाहून गेलं. तिसऱ्यात घर चांगलं होतं, तर ही मंडळी समुद्राकडे कशाला तडमडली ते देव जाणे. चौथ्यात मी नऊ वेळा 'आजी, तू इथे कशी?' असं म्हटलेलं आहे, त्यावरून आजी फार हिंडते एवढं कळतं. चौदा वर्षांत माझे केस गेले, दोन दाढा आणि पुढचा एक दात गेला, आणि डुबुक आपला सहाच्या सहा वर्षांचा. कवळीमुळे 'स' म्हणताना माझी शिट्टी वाजते. बाई म्हणाल्या, असू द्या, डुबुकचे दुधाचे दात पडत असतील. चौदा वर्षं? कोणाचे पडतात इतके?

आणि हे सगळं मी चिडून बोलतोय खरा, पण यात माझाही हात आहे, तो आता कबूल करतो. दुसऱ्या भागात माझं सेहेचाळिसावं वाक्य होतं, 'बाबा, कुठे निघालात? लवकर या हं.' भोकात बघतो तर डुबुकच्या गालावरून थेंब ओघळतायत. मी म्हटलं, संपलं! बाबा जाणार, आणि कायमचे जाणार. ताई, मी असा हुंदका दिला की काचेपलीकडे बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. पहिल्याच टेकला मंजुरी मिळाली. मोठ्या ऐटीत पहिल्या दिवशी थिएटरात जाऊन बसलो. तिथे कळलं की बाबा पलीकडच्या वळणावर मासे आणायला चालले होते. आणि गालावरचे थेंब? पाणमांजर आहे ते, मेलं कायमच ओलं असतं! पण माझ्या हुंदक्याने थिएटरातली यच्चयावत पोरं भोकाड पसरून बसली. चार मिनिटांनी बाबा मासे घेऊन परत आले, तेव्हा निम्मी पोरं 'भूत! भूत!' करून आयांच्या मांडीत शिरली. मी अंधारात, वाकून, लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर पडलो. त्यानंतर मी डुबुकचा एकही भाग थिएटरात पाहिलेला नाही. माझी छातीच होत नाही.

प्रकरण तिथे संपावं ना? नाही. पालकांची पत्रं गेली की बाबा वारले होते ते जिवंत कसे झाले, मुलं झोपत नाहीत. मग तिसऱ्या भागात, बापलेकांच्या पाठी आपल्याकडे असताना (म्हणजे ओठ दिसत नाहीत), बाईंनी पदरचं एक वाक्य घुसवलं, 'बाबा, त्या अपघातातून वाचलात ते बरं झालं.' आणि बाबा म्हणतात, 'हो रे बाळा, थोडक्यात वाचलो.' झालं! मूळ गोष्टीत अपघाताचा पत्ता नाही, पण आपल्या भाषेत अपघात झाला. चौथ्यात आजी भेटली, तिला तो अपघात माहीत नसेल तर कसं दिसेल? तिच्याही पाठमोऱ्या तोंडी घातला. आता पोरं विचारतात, त्या अपघाताचा वेगळा सिनेमा कधी येणार? गेल्या खेपेला तुमच्याकडे आलो होतो तेव्हा प्रश्नपत्रिकेने माझ्या गुडघ्यावर बसून विचारलं, 'मामाआजोबा, डुबुकच्या बाबांना नक्की काय झालं होतं?' अख्ख्या जगात याचं उत्तर द्यायला जबाबदार असलेला एकुलता एक माणूस तिच्यासमोर होता, आणि त्याने 'मला नाही बुवा माहीत' असं सांगून पाणी मागितलं. तिने निरखून बघितलं आणि म्हणाली, 'तुमचा आवाज थोडासा त्याच्यासारखाच का आहे?' मी पुढचे दोन दिवस घोगरा बोललो. तू मला हळद दिलीस.

आता मुद्द्यावर येतो. पाचवा भाग आलाय. चौथ्यात माझी दोनशे बारा वाक्यं होती. चार दिवसांपूर्वी बाईंनी कागद दिला तो एकच पान. अकरा वाक्यं. मी मागे उलटून पाहिलं, मागे कोरं. दहा वाक्यं साधीच आहेत ('थांबा ना' दोनदा, 'अय्या' एकदा, शिंक एकदा). अकरावं असं, 'तुम्ही सगळे व्हा पुढे. मी जरा बसतो इथे.' आणि संपलं. त्यानंतर मी नाही. भोकात बघितलं तर डोळे अर्धे मिटलेले, आणि गाल अर्थातच ओले. आता सांग, हे काय आहे? पिल्लू दमलंय, का पिल्लू गेलं? दमलं असेल आणि मी हुंदका दिला, तर पुन्हा पोरांच्या झोपा उडणार आणि सहाव्या भागात माझ्याच भुताला पाठमोरं करून काहीतरी बोलावं लागणार. गेलं असेल आणि मी हसत हसत म्हटलं, तर सगळी पोरं घरी जाऊन विचारतील की डुबुक का उठत नाही. मी बाईंना विचारलं, 'बाई, एवढंच सांगा, मी जिवंत आहे का?' त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, सही केली आहे, तुम्ही भावना मनातून येऊ द्या. मनातून काय येणार? मनात घोळ होता, तो आला. सात टेक झाले. सातही वेगळे. शेवटी त्यांनी पुढच्या गुरुवारवर ढकललं.

ताई, चौदा वर्षं ज्याच्या नावाने आत जातो, ते गेलं तर मला त्या दारातून कोणी कशाला बोलावील? या आवाजाचं दुसरं काय करायचं? असो. दाढ काढून घे. भावोजींना नमस्कार, मोठ्याने.

तुझा धाकटा

ता. क. : एवढं सगळं लिहिलं ते एका गोष्टीसाठी. प्रश्नपत्रिकेला टॅबवर सगळं आधी कळतं. तिला सहज, भाजीबिजी निवडताना विचारल्यासारखं विचार की पाचव्या भागात डुबुक मरतो का. कोणाला हवंय ते सांगू नकोस. कळलं की मला फोन कर आणि मेला असेल तर फक्त 'दाढ काढली' म्हण, जगला असेल तर 'दाढ आहे' म्हण. (दाढेची खरी हकिकत वेगळ्या फोनने कळव, नाहीतर पुन्हा घोळ होईल.)

ता. क. २ : पत्र टाकायचं राहिलं. दुकानाच्या पिशवीत चष्म्यांच्या डब्यांखाली आठ दिवस पडून होतं. काल गुरुवार झाला. बाईंना दया आली असावी. त्यांनी माइक बंद केला, आत आल्या आणि सांगितलं. डुबुक मरत नाही. दमून झाडाखाली झोपतो आणि उठतो तो मोठा होऊन. तिथून पुढे दुसरा आवाज. तो दुसरा आवाज बाहेर बाकावर बसलाच होता, चपला काढून. पंचविशीचा, विहिरीतून बोलल्यासारखा भरदार. मला बघून उभा राहिला आणि म्हणाला, 'काका, दुसरा भाग बघून मी आठवडाभर रडत होतो.' मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि अपघाताचं नीट समजावून दिलं, पुढे त्याला लागेल. मग आत जाऊन अकरावं वाक्य म्हटलं. रडून नाही, हसून नाही. दमलो होतो, तसं म्हटलं. बाई काचेपलीकडून म्हणाल्या, झालं, दुसरा टेक नको. म्हणजे तो जिवंत आहे, आणि मी त्यात नाही, यात सुख मानायचं की दुःख तेच मला कळेना. घरी आल्यावर कळलं. फार वाईट वाटलं गं. तेव्हा माझं शेवटचं मत असं, की चार भाग अगदी योग्य होते, पाचव्याची काही एक गरज नव्हती.

ता. क. ३ : वरचं काही तिला विचारू नकोस. पाचवा भाग मात्र दाखव, तिने वाट बघितली आहे. बघून आल्यावर मधेच डुबुकचा आवाज कुठे गेला, असं ती विचारणारच. तेव्हा तिला माझा नंबर लावून दे आणि खोलीचं दार लोटून घे. कागदावरच्या सहीचं काय व्हायचं ते होऊ दे. सहावा भाग आम्ही दोघं फोनवर करू. गोष्ट काय आहे ते मला नेहमीप्रमाणे माहीत नाही, ती तिनेच ठरवावी आणि माझी वाक्यं मला सांगावी. फक्त कोणी मरणार असेल तर आधी सांग म्हणावं.