फाटकाबाहेरच्या टाळ्या

स्टिलहाउस खोरं, केंटकी
११ मे १९५८

चि. हर्शेल व चि. सौ. वीडा यांस, आईचे अनेक आशीर्वाद. लीटाला आणि डॉयलला एकेक धपाटा, आणि त्यावर एकेक पापा.

वि. वि. तुमचं पत्र पोचलं. ड्रुसिलावन्संनी दोनदा वाचून दाखवलं, एकदा माझ्यासाठी आणि एकदा तुझ्या चुका काढण्यासाठी. नणंदेच्या हातात आपली लेखणी, याहून मोठी शिक्षा निरक्षर बाईला देवसुद्धा देणार नाही. (वहिनी सांगते तेच मी लिहिते. — ड्रुसिला)

डुकरीण व्याली. घेवडा पेरून झाला. माडीवरच्या खोलीला चुना मारून घेतला. कशासाठी ते विचारू नका. तुमच्या मिशनचे वरिष्ठ टॅकेटसाहेब सप्टेंबरात तिथे येणार, आणि तोवर गावातलं एकही माणूस तुमच्या प्रार्थनेला आलं नाही तर तुम्हाला माघारी धाडणार, असं तू लिहिलंस. वर्षभर शहरात पोर्तुगीज घोकलीत, आता त्या गावात जाऊन बसलात, आणि बाकावर अजून तुम्हीच चौघं! बाळा, तू हरावंस म्हणून मी प्रार्थना करत नाही हो. जिंकावंस म्हणून करायची तेवढी रोज राहून जाते.

लोभ आहेच. वाढवायचा तर माणसं जवळ लागतात, म्हणून सध्या आहे तेवढाच राहू दे.

तुझी आई ऑर्फा
(खालची फुली तिची. — ड्रुसिला)

पेद्रा मान्सा, ब्राझील
२२ जून १९५८

ती. आईंना, वीडाचे सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हसले, आणि माडीवरच्या खोलीचं वाचून थोडी रडले. ह्यांना सांगू नका.

ह्यांच्या मते सगळा दोष भाषेचा आहे. दाढी करताना आरशासमोर एकच वाक्य चाललेलं असतं: आम्ही तुमचे नवे शेजारी, तुमची ओळख करून घ्यायला आलो आहोत. शहरातल्या आमच्या शिक्षिका म्हणायच्या की हे अगदी त्यांच्या न्यायाधीश काकांसारखं बोलतात. पण बोलायचं कुणाशी? हे फाटक उघडून ओसरीवर जातात, दार ठोठावतात, आणि घरातला रेडिओ बंद होतो. पोरांना गप्प केल्याचं ऐकू येतं. एके ठिकाणी तर कुत्र्याचं तोंड दाबून धरलं होतं. हे घरी येतात, आपले उच्चार ऐकून लोक घाबरले असं म्हणतात आणि पुन्हा क्रियापदं घोकायला बसतात. दाराबाहेर तोंड उघडायच्या आधीच लोक घाबरतात कसे, हे मी विचारलं. त्यावर ह्यांनी पुढचं क्रियापद घेतलं.

एक मात्र गंमत आहे. संध्याकाळी जेवणाआधी आपण गातो ते स्तोत्र आम्ही इथेही गातो, आणि ते ऐकून लोक फाटकाशी येऊन टाळ्या वाजवतात! परवा कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाई आल्या, हातातलं झाकलेलं ताट फाटकाच्या खांबावर ठेवून टाळ्या वाजवत उभ्या राहिल्या. हे भारावले. खिडकीशी जाऊन कमरेत वाकले आणि दुसरं कडवं सुरू केलं. बाईंनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. तिसरं झालं, चौथं झालं. शेवटी बाई ताट उचलून गेल्या आणि आमचा राजमा गार झाला. इतकं कौतुक करणारे लोक प्रार्थनेला का येत नाहीत, देव जाणे.

पोरं दुपारभर कुठे हुंदडतात कोण जाणे. परत येतात ती तोंडाला पेरूची वडी फासून, आणि आपसात पोर्तुगीजमध्ये भांडत. आई, बाजारातल्या भावाव्यतिरिक्त माझ्याशी या गावात कुणी एक वाक्य बोललेलं नाही. परत यावं लागलं तर हे मान वर करून जगणार नाहीत, आणि राहावं लागलं तर मी अशी किती दिवस राहणार?

लोभाची इथे फार गरज आहे, तो असू द्यावा.

आपली वीडा

स्टिलहाउस खोरं
११ ऑगस्ट १९५८

चि. हर्शेल यास, आशीर्वाद. आणि एक धपाटा तुलाही.

वन्सं वाचत होत्या आणि मी इतकी हसले की मांडीवरच्या शेंगा ओसरीभर झाल्या. मग हसू थांबलं, कारण मला कळलं काय झालंय ते, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

अरे, तू याच खोऱ्यातला ना? इथे परक्याच्या दाराला कोण थेट हात लावतं? शेरीफ, नाहीतर दारूच्या भट्ट्या शोधणारा सरकारी माणूस. बाकी सगळे कुंपणाबाहेरून हाक मारतात, घरात आहे का कुणी म्हणून. तो विमेवाला हाक न मारता ओसरीवर चढला, तेव्हा तुझ्या बापानं त्याला अक्रोडाच्या झाडावर चढवला होता. दुपारभर तिथूनच तो विम्याचे फायदे सांगत होता. तुमच्याकडे हाकेऐवजी टाळी आहे, एवढंच. झाकलेलं ताट घेऊन कुणी कौतुकाला येतं का? माझ्या वेड्या बाळा, ती जेवण घेऊन आली होती, आणि तू तिला कडवी वाढलीस! (हे वाक्य मी दोनदा तपासलं. असंच आहे. — ड्रुसिला)

आता माझं ऐक. हे पत्र नेहमीसारखं बोटीनं पाठवलं, तर टॅकेटसाहेब येऊन गेल्यावर पोचेल, आणि थंडीआधी तुम्ही माझ्या माडीवर असाल. वरचं एवढं लिहवून मी दोन दिवस ते बरणीखाली ठेवून बघितलं. माझ्याच्यानं होईना. वीडानं लिहिलंय की तू मान खाली घालून परत येशील. तसला हर्शेल मला माडीवर नको. म्हणून विमानानं धाडतेय.

तिला म्हणावं, रडलीस ते मी कुणाला सांगितलेलं नाही. (वहिनी उन्हातून स्वतः टपाल कचेरीत आली. माझ्यावर तिचा विश्वास नव्हता. — ड्रुसिला)

लोभ तोच. राग थोडा वाढलाय.

आई

पेद्रा मान्सा
२१ सप्टेंबर १९५८

ती. आईस, हर्शेलचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं त्याच दुपारी बेकरीवाल्या युलालियाबाईंच्या, इथल्या भाषेत दोना युलालियांच्या, फाटकाशी जाऊन टाळ्या वाजवल्या. दुसरी टाळी वाजायच्या आत दार उघडलं. माझं आरशासमोरचं वाक्य मात्र मनातच राहिलं, कारण त्यांनी बोलायला जागाच दिली नाही. गावात ठरलं होतं म्हणे, की आम्ही कुणीतरी सरदार घराण्यातले. सगळ्यांना वाकून नमस्कार करायचा आणि घरात कुणालाच घ्यायचं नाही. मग घरोघर गेलो. प्रत्येक घरी पाकासारखी गोड कॉफी, नाही म्हणायची सोय नाही. आता रोज कुणीतरी वीडाच्या स्वयंपाकघरात असतं. कालपासून ती म्हणतेय, जरा एकटीला बसू द्या.

लीटाला म्हटलं, तुला टाळीचं ठाऊक होतं? ती म्हणाली, ठाऊक होतं की, पण बाबांना गाण्याचं कौतुक एवढं आवडत होतं, मग कशाला सांगू!

टॅकेटसाहेब आले ते फाटक उघडून थेट दार ठोठावू लागले. आई, आम्ही चौघंही गप्प बसलो. डॉयलनं आमच्या नव्या कुत्र्याचं तोंड दाबलं. शेवटी साहेबांनी इंग्रजीत हाका मारल्या तेव्हा उघडलं. त्यांनी मग प्रार्थनेला भरलेले बाक बघितले. निम्मे लोक स्तोत्राची उरलेली कडवी ऐकायला आले होते, पण ते साहेबांना सांगितलं नाही. आणखी चार वर्षं राहायचं ठरलं. तुला हे कसं लिहावं ते कळत नव्हतं, म्हणून शेवटी लिहिलं.

तुझ्या लोभावर उभा आहे.

तुझा हर्शेल

स्टिलहाउस खोरं
२ नोव्हेंबर १९५८

चि. हर्शेल, सौ. वीडा आणि पोरांना अनेक आशीर्वाद.

चार वर्षं. बरं. माडीवर घेवडा वाळत घातलाय, चुन्याच्या भिंतीपुढे तो छान दिसतो. काल वन्संच्या कुंपणाशी जाऊन मीही टाळ्या वाजवून बघितल्या. त्यांनी खिडकी उघडून विचारलं, कोंबड्या हाकलतेस का गं? (मी असंच विचारलं. — ड्रुसिला)

डोळ्यांनी आता कुंपणापलीकडचं माणूस ओळखू येत नाही, पण कान शाबूत आहेत. तेव्हा याल तेव्हा हाक मारू नका. हाका इथे सगळेच मारतात. कुंपणाबाहेर उभं राहून टाळ्या वाजवा, म्हणजे मांडीवरच्या शेंगा टाकून धावत यायचं की नाही ते मला आतूनच कळेल.

लोभ वाढतोय. इतक्या लांबूनही वाढतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आई
(फुली या खेपेला जरा मोठी काढली आहे. — ड्रुसिला)