जावईबापूंची फ्लॉपी

सर, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही म्हातारा होत नाही. आज लेकीला ओरडले, कुठूनही काहीही कंप्युटरवर उतरवून घेऊ नकोस, आधी तपास. ती हसली. तुम्हीही असेच हसला होतात.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. अख्ख्या सिंदी मेघेत कंप्युटर म्हणजे तुमच्या घरचा. त्याला धूळ लागू नये म्हणून मी हिंगणीहून आले की चपला बाहेर, हातपाय धुवायचे, मगच खोलीत पाऊल. त्यात तुमचं बारा वर्षांच्या मेहनतीचं पुस्तक होतं, जिल्ह्यातल्या गावांच्या नावांच्या गोष्टी. सगळं मीच टाइप केलेलं. आणि माझ्या परीक्षेचा प्रोग्राम, चार महिने खपून लिहिलेला. त्या दिवशी तुमचे जावईबापू नागपूरहून खेळांची फ्लॉपी घेऊन आले. बाहेरच्या फ्लॉपीतून व्हायरस येतो आणि सगळं पुसून टाकतो, हे मी शहरातल्या कंप्युटर क्लासमध्ये ऐकलं होतं. म्हटलं, क्लासच्या मशीनवर आधी तपासून आणते. तुम्ही हसलात. "अवं, जावई हाय आपला. त्याची फ्लॉपी तपासाची म्हंजे त्याचे खिसे चाचपल्यावानी झालं!"

जावईबापूंचे चहा-पोहे होईपर्यंत मला वेळ मिळाला. कोरी फ्लॉपी माझ्याकडे एकच. तिच्यावर तुमचं पुस्तक मावलं असतं, नाही तर माझा प्रोग्राम. मी गुरूचं आधी उतरवून घेतलं. गाढव होते. मग जावईबापूंनी फ्लॉपी घातली, आणि संध्याकाळपर्यंत मशीनमधलं सगळं पुसलं गेलं. पुस्तकाची नक्कल माझ्याकडे आहे हे मी सांगणार, तोच तुम्ही जावयादेखत गरजलात, "वावरातले पाय घेऊन येते, तूच आणला हा रोग! पुन्हा माह्या घराची पायरी चढू नोको!" जावईबापूंनी फ्लॉपी खिशात घातली. मी नापास झाले, बाबांनी शिक्षण थांबवलं.

दोन महिन्यांनी तुम्ही भर उन्हात हिंगणीला आलात. अंगणात उभे राहून हात जोडलेत. "तुह्यापाशी एखादी नक्कल असन तं पाहून देजो, बाई." नक्कल आत माझ्या पेटीत होती. "नाई, सर," मी म्हटलं, आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तुम्ही ते पुस्तक पुन्हा लिहायला घेतलंत आणि अर्ध्यावरच गेलात. गेलात तर गेलात. माफी मागायला मी हे लिहीत नाही, आणि पाठवायचं तरी कुठे? पण एक सांगते. तुम्ही वळलात तेव्हा आईनं विचारलं, "काय मांगून राह्यले होते वं सर?" "पाणी," मी म्हटलं. "मंग देल्लं काऊन नाई?" म्हणत ती तांब्या घेऊन तुमच्यामागे रस्त्यापर्यंत धावली. तुम्ही ते पाणी मुकाट्यानं प्यालात, आणि पाणी मागितलंच नव्हतं, हे तिला सांगितलं नाहीत. तेवढं मात्र मला टोचतं, सर.