नव्या जमिनीतला पहिला

३ एप्रिल १९०८, शुक्रवार
आलो एकदाचा मार्डनबीला! लाउथहून उजाडताच निघालो आणि सोळा मैल तुडवले. वाटेत एका गाढवाशी अर्धा तास गप्पा झाल्या. गाढव देखणं होतं, एक कान फाटका. त्याच्याबद्दल अजून बरंच लिहिता येईल, पण हात दुखतोय.

काम मिळालं. इथल्या चर्चचं जुनं आवार थडग्यांनी भरून गेलंय. उत्तरेच्या भिंतीपलीकडचं अर्धा एकर शेत नव्या दफनांसाठी घेतलंय, आणि तिथं खणायला, सपाट करायला एक धडधाकट माणूस हवा होता. चर्चचा कबरी खणणारा आणि घंटा वाजवणारा रूबेन थ्रेल एकाहत्तर वर्षांचा आहे. आता त्याच्याच्यानं एकट्यानं होत नाही. त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि नाव विचारलं. एनॉक वेडल. वय? सव्वीस म्हणून ठोकून दिलं. खरं चोवीस, पण पंचविशीच्या आतल्याला लोक पोरगं समजतात आणि हातात झाडू देतात, हा चार गावांचा अनुभव. मागं कोण आहे, हे त्यानं दोनदा विचारलं. कुणी नाही म्हटलं. आई गेली, बापाचा पत्ता नाही. पोरा, मग हेच घर समज, म्हणाला, आणि पाठीवर अशी थाप मारली की मला खोकला आला.

राहायला थ्रेलच्या भाचीकडे, विधवा पास्कबाईंकडे. रात्रीच्या जेवणाला मनुकांचा पाव आणि त्यावर चीजचा जाड तुकडा. असा पाव मिळत असेल तर मी जन्मभर खणेन.

५ एप्रिल, रविवार
चर्चला गेलो. मला बाकाच्या कडेला बसायची सवय, पण लोकांनी सरकून मधे जागा केली. बाहेर पडताना गाव रांगेनं हात मिळवून गेलं. एका म्हातारीनं तर माझा हात सोडेचना. मी कुठल्या गावाला इतका आवडलो नव्हतो. एका गावानं तर माझ्यावर कुत्रा सोडला होता. तो किस्सा नंतर.

थ्रेलनं मनोऱ्यात नेऊन थोरली घंटा दाखवली. कुणी गेलं की ती वाजवायची. बाई असेल तर आधी सहा ठोके, पुरुष असेल तर नऊ. मग जरा थांबून, जेवढं वय तेवढे ठोके, सावकाश, एकेक. शेतातली माणसं काम थांबवून मोजतात आणि कोण गेलं ते शेवटच्या ठोक्याला ओळखतात. मी म्हटलं, वय चुकलं तर? थ्रेलला राग आला. चाळीस वर्षांत एकदाही चुकलो नाही, म्हणाला, मी ज्याच्या त्याच्या तोंडूनच वय विचारून ठेवतो.

८ एप्रिल, बुधवार
नव्या जमिनीची माती काळीभोर, मऊ. ऑक्टोबरात बिशप येऊन प्रार्थना म्हणून गेले, पण सहा महिन्यांत तिथं एकही कबर नाही. फेब्रुवारीत इथला सुतार वारला, तर घरच्यांनी त्याला बर्फातून अकरा मैल गाडीवर घालून त्याच्या भावाच्या गावी पुरलं. मी थ्रेलला कारण विचारलं. त्यानं फावड्याची माती खरवडली आणि दुपारी वाटाण्याचं सूप आहे म्हणाला.

गुत्त्यावर लोहारानं सांगितलं. नव्या जमिनीत पहिला जो जातो तो देवाचा नाही, जमिनीखालच्याचा. दुसऱ्यापासून सगळे सुखानं झोपतात. म्हणून पहिलं कुणी जायला तयार नाही. मी हसून म्हटलं, मग एखादं कुत्रं पुरा ना. सगळ्यांनी पेले खाली ठेवले. लोहार म्हणाला, शहाण्या, नोव्हेंबरात तेच केलं. म्हातारं होऊन मेलेलं काळं कुत्रं, चार फूट खोल. सकाळी माती जशीच्या तशी होती, एक ढेकूळ हललं नव्हतं, आणि कुत्रं फाटकाबाहेर रस्त्यावर पडलेलं. परत केलं त्यानं, कळलं का? मग सगळे एकदम मोठ्यानं हसले आणि माझा पेला भरला. मला वाटलं, परक्याची फिरकी घेतात. घेऊ देत, बिअर चांगली होती.

११ एप्रिल, शनिवार
वरच्या मजल्यावर, माझ्या शेजारच्या खोलीत, पास्कबाईंची आई हेस्टर झोपून असते. एक्याण्णव वर्षांची. थ्रेलची थोरली बहीण. आई लवकर गेली म्हणून हिनंच त्याला मांडीवर वाढवलं. डॉक्टरांनी नाताळची मुदत दिली होती, पण ती जात नाही. दिवसभर कण्हते. पास्कबाई भांडी घासता घासता रडल्या. म्हणाल्या, बाळा, सुटू दे रे तिला, पण ती हट्टाला पेटलीय, पहिली जाणार नाही म्हणते.

आज म्हातारीनं मला बोलावून घेतलं. माझं मनगट धरलं. बोटं चिमणीच्या पायासारखी, पण सुटत नव्हती. जेवतोस का, झोप लागते का, विचारलं. मग लेकीकडे बघून म्हणाली की गुणी आहे हो. माझं मन भरून आलं. कुणी मला गुणी म्हटल्याचं आठवत नाही.

१४ एप्रिल, मंगळवार
पहिला खड्डा खणला. हेस्टरसाठी तयार असलेला बरा, असं थ्रेल म्हणाला. सहा फूट खोल, कडा सुरीनं कापल्यासारख्या. थ्रेल वरून बघत होता. मग म्हणाला, लांबी अंदाजानं कळत नाही, पोरा, जरा आडवा होऊन दाखव. मी टोपी काढून छातीवर ठेवली, डोळे मिटले, प्रेताचं सोंग केलं आणि खदखदून हसलो. थ्रेल हसला नाही. त्यानं माझ्या टाचेशी काठी टेकवून तिच्यावर चाकूनं खूण केली.

डोळे उघडले तर वर आभाळाचा लांबट तुकडा. आणि भिंतीशी दहा-बाराजण उभे होते. सगळ्यांच्या टोप्या हातात.

वर आल्यावर विचारलं, हेस्टरबाई तर वितभर, मग हा खड्डा एवढा लांब कशाला? थ्रेल म्हणाला, ओली माती आत सरकते.

पाठ गार पडलीय. चुलीला टेकून दोन तास बसलो, तरी तेवढी पट्टी गरम होत नाही.

१६ एप्रिल, गुरुवार
गारठा कमरेखाली उतरला. पायाची बोटं कुणा दुसऱ्याची वाटतात. शेजारीपाजारी सूप, अंडी, लोकरीचे मोजे आणून देतात. दाराशी हळू बोलतात. गोड माणसं. पण जायचं ठरवलंय. ईस्टरला थांब म्हणतात, नको. माझे बूट मागितले. पास्कबाई म्हणाल्या, तळवे झिजले होते रे बाळा, चांभाराकडे दिलेत. कधी मिळतील? बघू.

मी द्यायला सांगितले नव्हते.

१७ एप्रिल, गुड फ्रायडे
मोज्यांवरच निघालो. दुपारचं लख्ख ऊन, गाव चर्चमध्ये. हद्दीच्या दगडापर्यंत पोचलो. पुढं पाऊल उचलेना. बांधून ठेवल्यासारखं नव्हे, पाय ऐकतच नव्हते. तिथंच बसलो. तासाभरानं लोहार गाडी घेऊन आला. रागावला नाही. मला लहान मुलासारखं उचललं आणि घोंगडी पांघरली. म्हणाला, मर्दा, मोज्यावर कुठं निघालास, लोक हसतील ना.

तोंड फिरवून डोळे पुसत होता.

१८ एप्रिल
गुडघ्यापर्यंत काही कळत नाही. सुई टोचून पाहिली.
म्हातारीनं आज अंडं खाल्लं. पलीकडून भिंतीवर टकटक करते. मी जागा आहे का बघते बहुतेक. उत्तर दिलं नाही की पुन्हा—
पाद्रीसाहेबांना बोलावून आणा म्हटलं. पास्कबाई हो म्हणाल्या. कुणी आलं नाही.

२० एप्रिल, सोमवार
थ्रेल येऊन बसला. खूप वेळ टोपी फिरवत राहिला. मग सगळं सांगितलं.  

कुत्रं परत आलं, कारण ते मेलेलं घातलं होतं. खालच्याला आधी जिवंत माप लागतं. तेही ढकलून नाही, आपणहून आत उतरलेलं, हसत. हे त्याच्या आजोबांनी सांगितलेलं होतं, जुनं आवार नवं होतं तेव्हाचं. गावात सगळ्यांना ठाऊक, म्हणून गावातलं कुणी खड्ड्यात पायसुद्धा ठेवत नाही. ठाऊक नसलेला माणूस हवा होता.

म्हणाला, हेस्टरनं मला वाढवलं, पोरा. तिला कसा देऊ त्याच्या ताब्यात? तुझ्यामागं रडायला कुणी नाही म्हणून तू. आम्ही रडू ना तुझ्यासाठी. दगड चांगला बसवू. नाव, वय, सगळं कोरू. दर ईस्टरला फुलं ठेवू.

खरंच रडत होता. मी त्याचा हात धरला. का धरला ठाऊक नाही. गरम होता म्हणून.

२१ की २२
छातीपर्यंत.
वही लिहू देतात. पेन्सिलीला पास्कबाईच टोक करून देतात.
तो गाढवाचा कान— डावा होता की उजवा—

नंतर
सकाळ. ऊन आहे. घंटा वाजतेय.

थोरली. मोजतोय. पाच. सहा. थांब, देवा, सहावर थांबव, म्हातारी गेली असेल, सुटली असेल—

सात.

नऊ. पुरुष.

पण थ्रेल इथंच आहे. माझ्या उशाशी, खुर्चीत. त्याचा चेहरा पिठासारखा झालाय. मनोऱ्याची किल्ली त्याच्या मुठीत आहे. पास्कबाईंनी विचारलं, कोण वाजवतंय? तो नुसती मान हलवतो.

जरा थांबली. आता वयाचे, पुन्हा एकपासून. दहा. अकरा. पलीकडून भिंतीवरही ठोके, बरोबर घंटेसोबत. म्हातारी मोजतेय.

पंधरा. मी श्वास घेतोय अजून. हे लिहितोय म्हणजे घेतोय.

लोहार चव्वेचाळीसचा. तो असेल. कुणीही असू दे. सव्वीसच्या पुढं जाऊ दे. पुढं गेली की मी नाही.

एकवीस. बावीस. थ्रेल ओठातल्या ओठात मोजतोय.

तेवीस.

चोवीस.

थांबली. भिंतपण थांबली.

थ्रेल पुटपुटतो, चुकलं, अजून दोन राहिले. नाहीत राहिले, म्हाताऱ्या. मी तुला खोटं— खरं वय मी इथं कुणालाच, कुणालाच नाही सांगित