रिकाम्या जागांचे स्वर

४ फेब्रुवारी

झालं! साहेबांना सांगून टाकलं. डावा डोळा गेलाय, उजव्यात स्क्रीनचा उजेड आणि माणसांच्या सावल्या तेवढ्या उरल्यात. अक्षरं नाहीत.

साहेब म्हणाले, "तुम्हाला चौकशीच्या फोनवर बसवू या. पगार तोच राहील."

फोनवर! या रक्तपेढीचा अख्खा प्रोग्राम मी लिहिलाय. कुठली पिशवी कुठल्या दवाखान्यात जायची, कुठली मुदत संपून बाद व्हायची — सगळं माझ्या हातचं. आणि आता मी "थांबा हं, फोन जोडून देते" म्हणत बसू? म्हटलं, महिनाभर द्या. तुम्ही त्यात हवी ती चूक घाला, मी तुमच्यासमोर शोधून दाखवते. नाही जमलं तर निमूटपणे फोन घेईन. साहेब "बरं" म्हणाले. म्हणाले कसले, मी म्हणायला लावलं!

५ फेब्रुवारी

स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्राम लॅपटॉपवर घातला. नाव ठेवलंय बडबड्या. ना श्वास, ना विराम, नुसता सुटलेला असतो. ही रोजनिशीही तोच वाचून दाखवतो. माझं सगळं खासगी आता त्याला ठाऊक!

९ फेब्रुवारी

इतकी वर्षं ज्या भाषा डोळ्यांनी ओळखायचे, त्या आता कानांनी कळताहेत. आणि काय सांगू, मतंच बदलली माझी.

कंपायलरवाली भाषा म्हणजे कडक सासू. सगळा कोड आधी तपासणार, आकड्याच्या जागी शब्द ठेवलात तर दारातूनच परत पाठवणार. तिचं समाधान झालं की मगच सगळं यंत्राच्या भाषेत उतरवून देणार. डोळे चांगले होते तेव्हा मला तिचा भारी राग यायचा. आता? सासूबाई देवमाणूस! चुकलं की कुठल्या ओळीत ते सांगते. शोधत बसावं लागत नाही.

इंटरप्रिटरवाली भाषा माझ्या धाकट्या भावासारखी. ओळ वाचायची, करून मोकळं व्हायचं, मग पुढची. पुढचं पुढे! गाडी अडेपर्यंत सगळं आलबेल. गोड आहे, पटकन काम करते, पण तिच्या भरवशावर झोपू नये.

आणि माहिती मागायची भाषा — तिला कसं करायचं ते सांगायचंच नाही. "मुदत संपत आलेल्या पिशव्या दे" एवढंच म्हणायचं, शोधायचं कसं ते तिचं ती बघते. म्हणजे आमचे साहेबच ही भाषा बोलतात! आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग तुझे बाबाही तीच बोलायचे." खूप हसलो.

१२ फेब्रुवारी

अडलं.

इतर पुष्कळ भाषांत "अमुक असेल तर" याच्यापुढे जे करायचं ते महिरपी कंसात असतं. बडबड्या "कंस सुरू, कंस बंद" म्हणतो, कळतं. रक्तपेढीचा प्रोग्राम ज्या भाषेत आहे तिच्यात कंसच नाहीत. ओळ नुसती आत सरकवायची. ती किती आत आहे यावरून कुठल्या अटीखाली येते ते ठरतं. आणि रिकामी जागा काही बडबड्या वाचत नाही!

कोणी निवडली ही भाषा? मीच. सुटसुटीत दिसते म्हणून!

रडले. लिहून ठेवते, उद्या नाकबूल करीन.

१५ फेब्रुवारी

सुचलं!! शेजारच्या खोलीत आईचा गाण्याचा वर्ग चालला होता. मुली सा रे ग घोकत होत्या. मी चहाचा कप हातात धरून तशीच उभी. अगं बाई, हे तर इतके दिवस भिंतीपलीकडे होतं!

बडबड्याला शिकवलं — ओळ कडेला असेल तर वाचण्याआधी सा वाजव. एक पायरी आत असेल तर रे. दोन पायऱ्या, ग. अख्खी दुपार गेली, पण आता माझा कोड चढतो-उतरतो. कुठली ओळ कुठे आहे, कानाला कळतं. मी म्हणजे ना!

१६ फेब्रुवारी

आई दारात. "काय लावलंयस हे? रे वरून एकदम म? मधला ग खाल्लास!"

म्हटलं, आई, कोड आहे हा, गाणं नाही.

"असेल. बेसूर आहे."

तपासलं. ओळ खरंच एक पायरी जास्त आत गेली होती, आणि मी सकाळपासून तिथेच डोकं आपटत होते. आईला सांगितलं नाही. डोक्यावर बसेल.

२ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उजव्याचं नक्की सांगता येत नाही, बरीच वर्षंही टिकेल. "उजेड दिसतोय ना? मग झालं तर." झालंच.

६ मार्च

जिंकले!

सगळं खातं जमलं होतं. लॅपटॉपला वायर जोडून माझा कोड भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर घेतला, म्हणजे सगळ्यांना दिसावा. मी बडबड्याचा आवाजही मोठा केला. ऐका म्हटलं तुम्हीही! साहेबांनी ठरल्याप्रमाणे चूक घालून ठेवली होती; तक्रार अशी की चांगल्या पिशव्याही बाद होताहेत.

ऐकत गेले. "प्रत्येक पिशवी घे" — सा. "मुदत संपली असेल तर" — रे. "तशी नोंद कर" — ग. "पिशवी बाद कर" — रे!

थांबवलं. ती ओळ ग वर हवी. रे वर आली म्हणजे अटीच्या बाहेर पडली. मुदत संपो न संपो, दिसेल ती पिशवी बाद! भाषेच्या नियमात मात्र सगळं चोख, त्यामुळे इंटरप्रिटर कुरकुरणारसुद्धा नाही. एका ओळीची जागा बदलली, चालवून दाखवलं. मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "फोनचं राहू द्या." मला तर नाचावंसं वाटत होतं.

७ मार्च

साहेबांनी जिन्यात गाठलं. "एक विचारू? काल वायर जोडल्यापासून तुमच्या पुढ्यातली स्क्रीन काळीच होती, शेवटपर्यंत. मुद्दाम बंद ठेवलीत?"

म्हटलं, "हो. मुद्दामच."

मला तर सगळा वेळ तिचा उजेड दिसत होता.