सगळं उत्तम आहे, फी तेवढी माफ करा

ती. आईस,
इल्फर्ड, लंडनहून वरदाचा वाकून नमस्कार.

आनंदाची बातमी! बालवाडी शिक्षिकेच्या कोर्सची माझी फी माफ झाली. बसचं भाडंही कॉलेजच देणार.

अर्ज दिल्यावर तिथल्या बाईंनी विचारलं, "घरी काही अडचण?" तुझीच लेक मी! परक्यांपुढे रडगाणं कसं गायचं? म्हटलं, "छे, सगळं उत्तम आहे." त्या म्हणाल्या, "मग मदत कशाला हवी?" तेव्हा कुठे तुझ्या जावयाची, नंदूची, नोकरी गेल्याचं सांगितलं.

तुलाही आत्ताच सांगतेय. काळजी करू नकोस. तो आमच्या चिमुकल्या तनूला सांभाळतो, पोळ्या लाटतो, त्या फुगतातसुद्धा!

तुझा गुडघा कसा आहे? "सगळं उत्तम" लिहू नकोस. मग दादानं पाठवलेल्या फोटोत तुझ्या हातात काठी कशाला?

तुझी,
वरदा