पेंडीची खोली

कागल, ९ ऑक्टोबर २०२५

ती. विजयदादास,
सा. न. वि. वि.

दोन वाक्यं बोलले की धाप लागते, म्हणून फोन न करता लिहिते आहे. घट बसले त्या दिवशी ताप आला, मग आठ दिवस ऑक्सिजनवर होते. माझा आजार लागतो म्हणून तुम्ही कुणी आला नाहीत.

डॉक्टर म्हणाले, की हा माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. उंदराचं मूत आणि लेंड्या वाळून धूळ होते. ती श्वासातून आत गेली, की हंताव्हायरस फुप्फुसं धरतो. बंद खोली झाडली होती का, असं त्यांनी विचारलं आणि मला तुझी गुरांच्या पेंडीची खोली आठवली.

नवरात्राआधी दसरा काढायला ये, धुणं-झाडणं वहिनीला एकटीला उरकत नाही, असं तूच म्हणालास. मी वाकळा झटकल्या, खोली झाडली. वर्षाराणी वहिनी नाकातोंडाला रुमाल बांधून दारातच उभी! नाजूक म्हणून मी तिला चिडवलंसुद्धा.

दादा, तुला माहीत होतं का?

आहे तो लोभ असाच राहू दे.
तुझीच, अनुजा

कसबा बावडा, १३ ऑक्टोबर

चि. अनुजास,
अनेक आशीर्वाद.

खोटं लिहीत नाही. श्रावणात आपल्या गोठ्यावरचा गडी पिराजी असाच धापा टाकत गेला. ती खोली कोरडी झाडू नका, असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. आधी दारं उघडून वारं खेळू द्या, ब्लीचिंगचं पाणी मारून ओलं करा, मग मास्क, हातमोजे घालून पुसा, म्हणाले. गावात कळलं तर आपलं दूध कोण घेईल, म्हणून मी गप्प बसलो. वहिनीला रुमाल मीच बांधायला लावला. तुला सांगितलं असतं तर तू आत गेली नसतीस.

झालं गेलं विसर. भाऊबीजेला ये. उरलेली पोती वसुबारसेआधी कामाला येणारी बाळाबाई काढून झाडून घेणार आहे, तुला कशाला हात लावू देणार नाही.

लोभ कमी करू नकोस.
विजयसिंह

कागल, १५ ऑक्टोबर

विजयदादास,
नमस्कार.

उंदराला काही कळत नाही. तुला सगळं कळत होतं, तरी तू मला आत पाठवलंस. लहानपणी मला साधा खोकला झाला तरी काढा घेऊन मागं लागणारा तू! याचंच रडू येतं.

बाळाबाईला मी फोन केला. चारदा थांबून दम घेतला, पण पिराजीचंही सगळं सांगितलं. इतके दिवस कुणी बोललं कसं न्हाय, असं ती विचारत होती. ती येणार नाही.

खोली आता तू स्वतः पूस. सोबत मास्क पाठवते आहे, नाकावर घट्ट बसव. भाऊबीजेला माझी वाट बघू नकोस.

लोभ होता. राहील का, मला अजून ठाऊक नाही.
अनुजा